गोल्फ प्राइड टूर व्हेल्वेट अलाइन: ग्रिपचा कणा आणि हाताची पकड

विटीदांडूतल्या दांडूला तोंड, म्हणजे टोला मारायची ठरावीक बाजू, नसतं. कुठूनही टोला बसला तरी विटी उडते. क्रिकेटच्या बॅटला तोंड असतं, पण तिची मूठ लंबगोल असते, त्यामुळे डोळे मिटून धरली तरी बॅट कुठे बघतेय ते हाताला कळतं. गोल्फच्या क्लबलाही तोंड आहे आणि ते बॅटपेक्षा कितीतरी जास्त हट्टी आहे, पण मूठ मात्र दांडूसारखी गोल! नियमच तसा आहे. पटर, म्हणजे भोकाजवळ चेंडू हळूच ढकलायचा क्लब, सोडून बाकी सगळ्या क्लबांच्या ग्रिपचा छेद गोलच हवा. सवलत एकच: ग्रिपच्या पूर्ण लांबीभर एक सरळ, किंचित उठलेला कणा चालतो. गोल्फ प्राइडची टूर व्हेल्वेट अलाइन ही ग्रिप याच सवलतीवर उभी आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इंग्रजीत शाफ्टवर, म्हणजे क्लबच्या दांड्यावर, चढवायच्या रबरालाही ग्रिप म्हणतात आणि क्लब धरण्याच्या पद्धतीलाही. आपल्याकडे दोन शब्द आहेत, ते वापरावेत. रबर ती ग्रिप, धरणं ती पकड. या परीक्षणाचा सगळा मुद्दा या दोघींच्या नात्यात आहे.

साधी टूर व्हेल्वेट म्हणजे गोल्फमधली सर्वांत ओळखीची रबरी ग्रिप. काळं रबर, त्यावर अधिकच्या चिन्हांची बारीक नक्षी, वजन सुमारे 50 ग्रॅम. फार मऊ नाही, फार खरखरीत नाही. अलाइनमध्ये याच ग्रिपच्या पाठीमागे, म्हणजे क्लब जमिनीवर टेकवल्यावर खाली येणाऱ्या बाजूला, जरा टणक रबराचा उभा कणा आहे. दिसायला किरकोळ, पण हातात घेतला की लगेच जाणवतो. पूर्वी रिब्ड ग्रिप मिळायच्या, आजही मिळतात. त्यांत उंचवटा रबराच्या आत असतो, त्यामुळे तो दबका लागतो. इथे तो बाहेर आहे आणि बोटाला स्पष्ट सापडतो.

निकाल आत्ताच सांगून टाकू. ज्याची पकड मुळात बरी आहे पण फेरीगणिक थोडी सरकते, त्याच्यासाठी ही ग्रिप उत्तम आहे. ज्याला पकडच शिकायची आहे त्याने ती घ्यायला हरकत नाही, पण ती शिकवेल ही अपेक्षा ठेवू नये. कणा क्लबचं तोंड कुठे आहे ते सांगतो. हात कुठे असावेत ते सांगत नाही. चुकीची पकड असेल तर तीही तो तितक्याच निष्ठेने रोज त्याच जागी आणून ठेवतो.

मग पकड बरी आहे हे ओळखायचं कसं? पुढचं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी हात उलटे वाचावेत.

डावा हात आधी. तो शरीराच्या बाजूला सैल सोडा. तळवा थोडा आत, मांडीकडे वळलेला दिसेल. हाताची ती नैसर्गिक ठेवण न मोडता क्लबवर आणायची. ग्रिप तर्जनीच्या मधल्या पेरापासून तिरकी जाऊन करंगळीच्या मुळाशी, तळहाताच्या गादीच्या जरा खाली निघाली पाहिजे. बोटं मिटल्यावर मनगटाकडची जाड गादी ग्रिपच्या वर बसते. ग्रिपचं टोक हाताबाहेर साधारण एक ते दीड सेंटिमीटर राहू द्या. अगदी टोकाला धरलं की गादीखाली आधार उरत नाही आणि क्लब वर गेला की शेवटची बोटं सुटतात.

अंगठा ग्रिपच्या माथ्यावर मधोमध नको, मध्यापासून किंचित उजवीकडे हवा. आणि तो लांब ताणायचा नाही. ताणलेला अंगठा ग्रिपला पुन्हा तळहातात ढकलतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यात व्हीसारखी जी खाच बनते, तिचं टोक हनुवटी आणि उजवा खांदा यांच्या दरम्यान रोखलेलं असावं. वरून पाहिल्यावर डाव्या हाताची दोन, फार तर अडीच बोटांची उंच हाडं दिसावीत.

बोटांत धरलंय की तळव्यात, याची एक जुनी चाचणी आहे. डाव्या हाताने क्लब धरा, समोर उचला, आणि शेवटची तीन बोटं व अंगठा सोडून द्या. फक्त तर्जनीचा आकडा आणि वरची गादी यांच्यात क्लब तोलून राहिला, तर जागा बरोबर. खाली घसरला, तर ग्रिप तळहातात आहे. नवख्यांमध्ये हीच चूक सर्वांत जास्त दिसते, कारण काठी, कुऱ्हाड, फावडं आपण मुठीतच धरतो. तळव्यात धरलेल्या क्लबला मनगटाची बिजागरी पुरती मोडत नाही. मग वेग खांद्यांतून ओढून काढावा लागतो आणि क्लब हातात फिरतो तो वेगळाच.

उजवा हात बोटांचा. मधली दोन बोटं ग्रिपला खालून धरतात आणि उजव्या तळव्यावरची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर झाकणासारखी बसते. उजवी तर्जनी मधल्या बोटापासून थोडी सुटी, पिस्तुलाच्या घोड्यावर ठेवावी तशी. उजव्या हाताची खाचही डाव्या खाचेला साधारण समांतर हवी. एक खाच उजव्या खांद्याकडे आणि दुसरी डाव्या कानाकडे असेल, तर दोन हात दोन वेगळे क्लब फिरवतायत असं समजा.

उरली उजवी करंगळी. ती डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या वरच्या खाचेत ठेवली की ती ओव्हरलॅपिंग पकड. तिला हॅरी व्हार्डनचं नाव मिळालं. त्याने 1896 ते 1914 या काळात ब्रिटिश ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकली, तेव्हा नाव मिळणारच. पण त्याच्याआधी स्कॉटलंडचा हौशी खेळाडू जॉनी लेडले असंच धरत होता. करंगळी डाव्या तर्जनीत गुंफली की ती इंटरलॉकिंग. जॅक निक्लॉस आणि टायगर वुड्स, दोघांचीही तीच. लहान हात, आखूड बोटं असतील तर गुंफण सोपी जाते. दहाही बोटं ग्रिपवर ठेवायची तिसरी पद्धत मुलांना, संधिवात असलेल्यांना आणि क्रिकेटमधून आलेल्यांना जवळची वाटते. तिच्यात चूक काही नाही, फक्त दोन हातांत फट पडू देऊ नका. यापैकी कोणती निवडावी यावर क्लबहाउसमध्ये तासन्‌तास वाद होतात. चेंडूला त्यातलं काही कळत नाही. डाव्या हातात क्लब तिरका बसलाय की नाही, हे मात्र त्याला पहिल्याच फटक्यात कळतं.

दाब किती? दहापैकी चार-पाच. डाव्या हाताची शेवटची तीन आणि उजव्या हाताची मधली दोन बोटं काम करतात. अंगठे आणि तर्जन्या शांत. आवळून धरलं की कोपरापर्यंत दोर ताणल्यासारखं होतं आणि मनगटं सुटत नाहीत. सैल धरलं तर स्विंगच्या वरच्या टोकाला क्लब हलतो, मग खाली येताना हात घाईने आवळतात. दाब कमी की जास्त, यापेक्षा तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहिला का, हे पाहावं.

आता कण्याकडे येऊ, कारण या ग्रिपचा खरा उपयोग इथे आहे आणि वेष्टनावरच्या चार ओळींत तो कळत नाही.

पकड मधली असेल तेव्हा कणा दोन्ही हातांच्या बोटांच्या मधल्या पेरांपाशी लागतो. डावा हात जरा जास्त डावीकडे फिरला, म्हणजे पकड कमजोर झाली, की डाव्या हातातला कणा बोटांच्या मुळाकडे, तळव्याच्या दिशेने सरकलेला वाटतो. हात जास्त उजवीकडे गेला, म्हणजे पकड भक्कम झाली, की कणा बोटांच्या टोकांकडे जातो. उजव्या हातात अर्थ नेमका उलटा. तिथे कणा तळव्याकडे आला तर हात क्लबच्या खाली घसरलाय, म्हणजे पकड भक्कम होतेय. एवढं लक्षात ठेवलं तर चेंडूसमोर उभं राहिल्यावर खाली न बघताही चूक सापडते. कमजोर आणि भक्कम या शब्दांचा ताकदीशी संबंध नाही, हेही जाता जाता. फटक्याच्या क्षणी हात आपल्या नैसर्गिक ठेवणीत परत यायला बघतात. डावा हात आधीच उजवीकडे वळवून धरला असेल, तर तो परत येताना क्लबचं तोंड बंद करतो आणि चेंडू डावीकडे हुक होतो. डावीकडे वळवून धरला असेल तर तोंड उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे वळतो, तो स्लाइस. एकही हाड न दिसणारी पकड घेऊन स्लाइसवर उपाय म्हणून ड्राइव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, बदलणारे पुष्कळ आहेत.

बाजारात दुसरी एक वस्तू मिळते: बोटांच्या खाचा पाडलेली शिकाऊ ग्रिप. काही क्लबवर कायमच्या बसतात, काही चिमट्यासारख्या वरून अडकतात. नवशिक्याला डाव्या हाताची तिरकी रेषा समजावून द्यायला ती अलाइनपेक्षा सरस आहे, हे मान्य केलंच पाहिजे, कारण चुकीच्या जागी हात बसतच नाही. दोन अडचणी. खाचा एका सरासरी हातासाठी पाडलेल्या असतात. बोटं जाड किंवा आखूड असली की खाच आणि बोट जुळत नाही. आणि ती गोल नसल्यामुळे नियमबाह्य आहे. ती बसवलेल्या क्लबने स्पर्धेच्या फेरीत एक फटका मारला तरी खेळाडू बाद. घरी आरशासमोर रोज दहा मिनिटं, दोन-तीन आठवडे, एवढंच तिचं काम. अलाइन स्पर्धेतही चालते.

मापाकडे दुर्लक्ष केलं तर कणा असून नसून सारखाच. टूर व्हेल्वेट अंडरसाइज, स्टँडर्ड, मिडसाइज आणि जंबो अशा मापांत येते. अलाइनमध्ये प्रत्येक माप हाताशी असेलच असं नाही, ऑर्डरआधी पाहून घ्या. पुरुषांचं स्टँडर्ड माप टोकापासून 2 इंचांवर सुमारे 0.900 इंच व्यासाचं, म्हणजे 23 मिलिमीटरच्या आसपास. मिडसाइज त्याहून 1/16 इंचाने जाड, जंबो 1/8 इंचाने, अंडरसाइज 1/64 इंचाने बारीक. डाव्या हातात क्लब धरल्यावर मधल्या दोन बोटांची टोकं अंगठ्याखालच्या मांसल भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतत असतील तर ग्रिप बारीक, फट राहत असेल तर जाड. ग्लोव्ह मीडियम किंवा मीडियम-लार्ज लागत असेल तर बहुधा स्टँडर्ड, लार्ज असेल तर मिडसाइज वापरून पाहावी. बारीक ग्रिपने हुक आणि जाड ग्रिपने स्लाइस होतो हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. थोडं तथ्य आहे, पण सरसकट खरं नाही. माप चुकल्याचा पहिला परिणाम दाबावर होतो. बारीक ग्रिप लोक आवळून धरतात.

ग्रिपच्या तोंडाच्या आत एम60 किंवा एम58 असं छापलेलं असतं. तो आतल्या भोकाचा आकडा, 0.600 किंवा 0.580 इंच. 0.600 च्या शाफ्टवर एम58 चढवली तर रबर ताणून ग्रिप मापापेक्षा जाड होते. शाफ्टचा व्यास न मोजता ऑनलाइन संच मागवणाऱ्यांची फसगत इथेच होते. आणखी एक बारकावा: ग्रिप सुमारे 5 ग्रॅमने जड झाली की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना डोकं किती जड वाटतं त्याचं माप, साधारण एक अंकाने उतरतं आणि क्लबचं डोकं हलकं वाटू लागतं. जंबोकडे जाणाऱ्यांनी हे धरून चालावं.

बसवणं. साधी गोल ग्रिप थोडी वाकडी बसली तर नक्षी तिरकी दिसते, बाकी काही बिघडत नाही. अलाइनचं तसं नाही. कणा 3 अंश फिरून बसला आणि हातांनी त्यावर भरवसा ठेवला, तर क्लबचं तोंडही 3 अंश चुकतं. नुसत्या भूमितीच्या हिशेबाने 150 यार्डांवर ते सुमारे 8 यार्ड होतात. ग्रीनवरून, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवरून, थेट वाळूच्या बंकरमध्ये. डोळ्यांनी ते तोंड सरळ करू गेलात तर हात एक सांगतात आणि डोळे दुसरं, आणि मग कण्याचा त्रासच जास्त.

घरी बसवायची असेल तर जुनी ग्रिप हुक ब्लेडने कापा, सुरी नेहमी अंगापासून दूर. ग्रॅफाइट शाफ्टवर पातं टेकू देऊ नका, एक ओरखडा पुरतो. जुनी टेप पूर्ण खरवडून काढा. तिचे उरलेले गोळे नव्या ग्रिपखाली कण्यासारखेच लागतात. दोन्ही बाजूंनी चिकटणारी 2 इंच रुंद टेप ग्रिपच्या लांबीएवढी गुंडाळून टोकापलीकडे सेंटिमीटरभर सोडा आणि ती पिळून शाफ्टच्या आत खोचा. ग्रिपच्या बुडाचं भोक टीने, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंटीने, बुजवून आत 40-50 मिलिलिटर मिनरल टर्पेंटाइन ओता, हलवा, आणि तेच टेपवर सगळीकडे सोडा; खाली ट्रे ठेवा. पेट्रोल वापरू नका, पेट घेण्याचा धोका कशाला? मग ग्रिप एका दमात शेवटपर्यंत ढकला. मध्ये थांबलात तर ती तिथेच अडकते. यानंतर तुमच्याकडे साधारण मिनिटभर आहे. क्लब शिकंज्यात रबरी गट्टूत धरून, क्लबच्या तोंडाची खालची धार अगदी सरळ ठेवून, कणा घड्याळातल्या सहाच्या जागी आणा. क्लब उलटा करून शाफ्टच्या रेषेतून पाहिलं की चूक चटकन दिसते. टर्पेंटाइन असेल तर रात्रभर वाळू द्या. जाडी वाढवायला खाली मास्किंग टेपचे थर देता येतात, प्रत्येक थराला सुमारे 1/64 इंच. दुकानातून बसवून घेत असाल तर पैसे देण्याआधी प्रत्येक क्लब जमिनीवर टेकवून कणा तपासा. पटर सोडून उरलेल्या तेरा क्लबांत एखादा वाकडा निघतोच.

ड्राइव्हरला मात्र ही ग्रिप लावताना विचार करा. ज्याचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, बदलता येतो अशा अनेक ड्राइव्हरमध्ये डोक्यापाशी शाफ्ट धरणारी स्लीव्ह फिरवली की शाफ्टही फिरतो आणि सहावरचा कणा चारवर किंवा आठवर जातो. एकदा सेटिंग ठरवून पुन्हा हात लावणार नसाल तर ठीक. नाहीतर तिथे टूर व्हेल्वेट 360 बरी. तिच्यावरची नक्षी सगळीकडून सारखी आहे. पटरला कण्याची गरजच नाही, त्याच्या ग्रिपला सपाट बाजू नियमाने चालते.

टिकाऊपणात ही ग्रिप चांगली, पण ओलाव्यात पहिल्या नंबरची नाही. येरवड्याच्या कोर्सवर हिवाळ्यात सकाळी तिच्यासारखी दुसरी नाही. चेंबूरला मे महिन्यात किंवा कोकण-गोव्याच्या हवेत घामाने साधं रबर निसरडं होतं. तिथे कॉर्ड, म्हणजे सुती धागा मिसळलेली ग्रिप सरस. वरच्या हाताला कॉर्ड आणि खालच्या हाताला रबर अशी याच कंपनीची एमसीसी मालिका आहे, तीही अलाइन कण्यासह मिळते. ग्लोव्ह न घालणाऱ्यांना कॉर्ड टोचते, हे आधीच सांगितलेलं बरं.

रबर निसरडं होण्याचं मुख्य कारण पाऊस नाही, तर हाताचं तेल आणि सनस्क्रीन. त्यांचा थर साचून ग्रिप चकचकीत होते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, नरम नायलॉनचा ब्रश, ओल्या फडक्याने पुसणं आणि सावलीत वाळवणं, महिन्यातून एकदा. बुडाच्या भोकातून आत पाणी जाऊ देऊ नका. बॅग गाडीच्या डिकीत ठेवून दिली तर उन्हाळ्यात रबर टणक पडतं आणि ग्रिपचं अर्धं आयुष्य तिथेच संपतं. बदलण्याचा ढोबळ हिशेब 40 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

जुनी ग्रिप टाकण्याआधी तिच्याकडे नीट पाहा. उजव्या अंगठ्याखाली खड्डा पडला असेल तर उजवा हात दाबतोय. ग्लोव्हला मनगटाकडच्या गादीवर भोक पडलं असेल तर क्लब तळव्यात आहे किंवा स्विंगमध्ये सरकतोय. असे खड्डे दिसत असतील तर अलाइनचा पूर्ण संच घेण्याची घाई नको. एकच ग्रिप घ्या, ती सात नंबरच्या आयर्नवर बसवा आणि सरावाच्या रेंजवर दोन-तीन बादल्या चेंडू मारा. प्रत्येक चेंडूनंतर हात पूर्ण सोडून पुन्हा धरा, नाहीतर कण्याची परीक्षा होतच नाही. डोळे मिटून क्लब धरायचा, उघडून खालची धार बघायची. दहापैकी आठ वेळा ती सरळ निघाली, तर उरलेल्या बारा मागवायला हरकत नाही.